आलेच हं

टेपच्या टोकाची पत्र्याची चिमुकली पट्टी गार लागली, आणि लागली ती नेमकी तिथेच – डाव्या कमरेच्या हाडाच्या जरासं वर, जिथे आठ महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी हाताची बोटं निळी उमटली होती आणि जिथे आता काहीच नव्हतं. तिने श्वास रोखला. आईला वाटलं, पोट आत ओढतेय.

"सोड," आई म्हणाली. ओठांत तीन टाचण्या धरल्यामुळे ती दातांतल्या दातांत बोलत होती. "श्वास सोड. टेपला फसवून काय मिळणार? स्कर्ट तुलाच घालायचाय."

तिने श्वास सोडला. आईने टेप पाठीमागून फिरवून पुढे आणली, टोकं जुळवली आणि चष्म्याच्या खालच्या काचेतून आकडा वाचला. "दोन बोटं वाढलीस. बसून बसून दुसरं काय होणार!"

सोमवारपासून ती पुन्हा विमानात कामाला जाणार होती. वीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढल्यावर आठ महिने जमिनीवर – आधी उजवं हासळीचं हाड मोडलं म्हणून, मग ते जुळलं तरी खांदा वर जाईना म्हणून – आणि परवा कंपनीच्या डॉक्टरने हात वर करायला लावून, खाली करायला लावून, एकदाचा तंदुरुस्त असा शिक्का मारला. डॉक्टर राजी झाला, आता एक हा गणवेशाचा स्कर्ट तेवढा राजी व्हायचा होता. आईने कमरपट्टी उसवायला घेतली.

आईचे हात कमरेभोवती आले होते आणि तरी ते अंगाला लागले नव्हते. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेली बाई. टेप तेवढी अंगाला लावायची, हात आपले चार अंगुळं दूर. ही सवय तिने घरातही सोडली नाही. लहानपणी आईचे दोन्ही हात आपल्याभोवती यावेत असं वाटलं की एकच उपाय असे – फ्रॉक घट्ट होतोय म्हणून सांगायचं. मग आई मशीन थांबवायची, टेप घ्यायची, "हात वर कर" म्हणायची, आणि तेवढा वेळ, दोन-चार श्वासांएवढा, ती त्या हातांच्या आत असायची. एका पावसाळ्यात तिने पाच वेळा फ्रॉक घट्ट केला होता. आई शेवटी म्हणाली, मुलगी आहे की भोपळा? पण माप घेतलं.

आणि ती खूण. इस्पितळातून घरी आल्यावर कपडे बदलताना ती पहिल्यांदा आरशात दिसली होती – पुढच्या बाजूला चार बोटं, मागे अंगठा, इतकी स्पष्ट की नखं कापलेली होती की वाढलेली तेही सांगता यावं. पहिल्या आठवड्यात निळी-काळी, मग कडेने हिरवट, मग पिवळी. हाड मोडलेलं, हात झोळीत अडकवलेला, आणि ही बाई रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून डावी कमर आरशाकडे करून उभी! पिवळेपणा ओसरायला लागला तेव्हा ती तिथे अंगठ्याने दाबून बघायची, अजून दुखतंय का. दुखलं की बरं वाटायचं. सतराव्या दिवशी दुखेनासं झालं, आणि त्या दिवशी ती रडली – खांद्याची कळ आली असं आईला सांगून. लाज वाटावी असंच ते वागणं होतं, आणि लाज वाटतही होती. पण मला दुसरं कुणी धरलं होतं का? इतकं घट्ट, आयुष्यात?

नवरा होता, सहा वर्षं. दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट. किल्ली एकमेकांच्या हातात देण्यापुरती भेट, मग किल्लीही शेजारी ठेवायला लागले, आणि एक दिवस ती शेजारणीकडून घ्यायला दोघांपैकी एकच जण उरलं. भांडण म्हणून झालं नाही. भांडायला तरी माणसं एका वेळी घरात लागतात.

"संध्याकाळी लवकर ये," आई म्हणाली. "घालून बघ, मग बटण लावते."

"आलेच," ती म्हणाली. ती निघाली होती, येत नव्हती. पण तोंडात बसलेला शब्द, त्याला कोण काय करणार.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. रस्ता उखडलेला होता, बस खड्ड्यांतून उडत होती, आणि समोरची बाई दर धक्क्याला पुढची दांडी पकडत होती. तिने काहीच पकडलं नव्हतं. वीस वर्षं विमानात चालल्यावर माणसाच्या तळव्यांना वेगळीच अक्कल येते. जमीन नुसती शहारली तर चहा ओतत राहायचं. डावी-उजवीकडे झोकांडली तर कप वरून धरायचा. आणि टाचेखाली जमीन मऊ झाली, गादीसारखी, की हातातलं असेल ते टाकून बसायचं, कारण त्यानंतर येतो तो खरा खड्डा. हे कुठल्या पुस्तकात नाही. उलट पुस्तकात लिहिलंय की कॅप्टनने क्रूला बसायला सांगितलं की बसायचं, तळव्यांना विचारत बसायचं नाही. नव्या मुली पुस्तकाप्रमाणे बसतात. चूक करतात त्या जुन्या.

त्या दिवशी दुपारी अडीचला पट्टे बांधायची खूण लागली, कॅप्टनचा आवाज आला – "क्रू, बसून घ्या" – आणि बाकीच्या तिघी ट्रॉली आत ढकलून, कडी लावून, आपापल्या जागी पट्टे आवळून बसल्यासुद्धा. तिच्या हातात कप होता. अर्धा कप गरम पाणी. ते सत्तावीस सीचं.

विमानात माणसाला नाव नसतं, जागेचा आकडा असतो. सत्तावीस सी म्हणजे वाटेला लागून बसलेल्या आजी. विटकरी स्वेटर, मांडीवर गोळ्यांची डबी, शेजारची जागा रिकामी. त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, "झालं तर थोडं गरम पाणी." ती म्हणाली, "आलेच हं." दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "विसरलीस तरी चालेल गं, सावकाश." ती पुन्हा म्हणाली, "आलेच." दिवसातून दोनशे वेळा हा शब्द तोंडातून जातो, शंभर वेळा माणूस जातं, शंभर वेळा नाही, आणि ज्यांच्याकडे जात नाही ते बहुधा असेच असतात, विसरलीस तरी चालेल म्हणणारे. तिसऱ्यांदा आजी बोलल्याच नाहीत. ती जवळून गेली तेव्हा नुसत्या हसल्या. त्या हसण्याने तिला कसंतरी झालं, आणि खूण लागलेली असताना ती कप भरून निघाली. चार ओळी तर होत्या! तळवे म्हणत होते, अजून वेळ आहे.

तळवे चुकले.

जमीन मऊ झालीच नाही, ती एकदम गेलीच. विमान खाली गेलं आणि ती होती तिथेच राहिली, मग छतच खाली येऊन डोक्यावर आदळलं, कप कुठे, पाणी कुठे, कुणाचा तरी चष्मा तिच्या तोंडासमोरून शांतपणे वर जाताना दिसला… आणि मग सगळं एकदम खाली, खांदा आर्मरेस्टवर, आत काहीतरी तुटल्याचं कळलं पण दुखलं नाही, आणि जमीन पुन्हा खाली निघाली होती. ती पुन्हा वर फेकली जाणार होती. हे तिला अगदी थंडपणे कळलं: आता मान मोडणार.

तेवढ्यात कमरेला दोन हात आले.

कुणी ओढलं, कशी बसली, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती कुणाच्या तरी मांडीत होती, पाठीला विटकरी लोकर, मानेवर कुणाची तरी हनुवटी, मलमाचा वास, आणि विमान दुसऱ्यांदा कोसळलं तेव्हा तिचं अख्खं अंग वर उचललं गेलं आणि त्या हातांनी ते परत खाली आणलं. तिसऱ्यांदाही. लोक किंचाळत होते, डोक्यावरच्या कप्प्यांतून बॅगा पडत होत्या, आणि तिच्या कानाशी एक धाप लागलेला पण रागावल्यासारखा आवाज म्हणत होता, "धरलंय मी. हलू नकोस. धरलंय."

विमानातल्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्राने नंतर सांगितलं, एक मिनिट बारा सेकंद. मग लहान हादरे आणखी अकरा मिनिटं. एकूण चौदा जण जखमी. तिला विचाराल तर – कुणी विचारलं नाही म्हणून बरं – ती बारा-तेरा मिनिटं तिच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. असं म्हणणाऱ्या बाईला डॉक्टरने तंदुरुस्त म्हटलं असतं का?

बस थांबली. ती उतरली.

कंपनीच्या सुरक्षा विभागातले साहेब प्रत्येक कागदाला दुसरा कागद टोचून ठेवत, म्हणून सगळे त्यांना माघारी स्टेपलर म्हणत. माणूस वाईट नव्हता. तिला बसवलं, पाणी दिलं, सोमवारबद्दल अभिनंदन केलं, आणि पुठ्ठ्याच्या फायलीतून तिचंच जुनं निवेदन काढून समोर ठेवलं.

तिने ते ओळखलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळात खाटेवर भरलेलं, डाव्या हाताने. जखमी प्रवाशांसाठी एकेक तक्ता होता, आणि 'इजा कशामुळे' याखाली चौकटी – छतावर आपटून, सामान पडून, गरम पाण्यामुळे, ट्रॉली लागून, आर्मरेस्टवर आपटून, इतर. इतरच्या पुढे चार कोऱ्या ओळी. सत्तावीस सी, उजवं मनगट मोडलं. दुसऱ्याला धरून ठेवल्यामुळे, अशी चौकट नव्हती. ती ठरवून खोटं लिहायला बसली नव्हती… डाव्या हाताने चार ओळी कोण लिहिणार, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि आर्मरेस्टच्या चौकटीत खूण केली होती. पण त्या चार ओळी लिहायच्या म्हणजे कुणाला धरलं ते लिहावं लागलं असतं. आणि ती 'कुणाला' वाटेत उभी का होती, तेही. स्वतःबद्दल तिने लिहिलं, आपल्या जागेकडे जात असताना सत्ताविसाव्या ओळीपाशी पडले. सत्तावीस एमधला प्रवासी डोक्याला मार बसून बेशुद्ध होता. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणी पाहिलं नव्हतं.

"हे आलंय," स्टेपलर म्हणाला आणि त्याने एक आंतर्देशीय आकाराचा, चारदा घडी घातलेला कागद पुढे सरकवला. "तुमच्या सत्तावीस सीचं."

अक्षरं मोठी, वाकडी, ओळी खाली घसरत गेलेल्या.

'साहेबांस नमस्कार. उजवा हात अजून लिहिण्याजोगा झालेला नाही, डाव्याने लिहिते आहे, समजून घ्यावे. माझी तक्रार काही नाही. त्या दिवशी एक मुलगी माझ्यासाठी गरम पाणी आणत होती. ती पडली आणि मी तिला धरून ठेवलं. तुमच्या कागदात आहे की माझा हात आर्मरेस्टवर आपटला. मुलगा म्हणतो, आई, कागदात आहे तेच खरं, घाबरल्यावर माणसाला काहीबाही वाटतं. डॉक्टरही हसून तेच म्हणाले. चारचौघांत मीही आता तसंच सांगते. पण एकटी असले की वाटतं, मी धरलं होतं. ती जाताना आलेच हं म्हणाली होती. आली नाही, कामात असेल. तिला फार लागलं का, एवढं कळवावं. आणि अशी कुणी मुलगी होती का, तेही कळवावं.'

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कुणीतरी मुलगी म्हटलं होतं. तिला तेवढंच आधी दिसलं. मग दिसलं की हा डावा हात. हे वाकडं अक्षर ज्या बोटांनी काढलं ती बोटं तिला ठाऊक होती, त्यांची लांबी ठाऊक होती, ती सतरा दिवस आपल्या अंगावर बाळगली होती. तिने नकळत कागदावरून अंगठा फिरवला.

"वय झालंय हो," स्टेपलर म्हणाला. "होतं असं. आता तुमचं निवेदन स्पष्ट आहे. इथे खाली सही केलीत – आधीचं निवेदन कायम, एवढंच – की मी त्यांना दोन ओळी पाठवतो, फाइल बंद, आणि तुम्ही सोमवारी उडायला मोकळ्या."

"आणि सही नाही केली तर?"

त्याने स्टेपलर उचलला, रिकामाच एकदा दाबला. "तर मग चौकशी पहिल्यापासून. कॅप्टनने बसायला सांगितल्यावर कोण कुठे होतं, इथपासून. सोमवार विसरा मग. वर्षही विसरा कदाचित. आणि या वयात एकदा बसवलं, की…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. ती मुलगी तुम्हीच का, हेही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्या तोंडून काय गेलं असतं, कुणास ठाऊक. पण विचारलं नाही, आणि न विचारणं हाच त्याचा चांगुलपणा होता. तिला तो चांगुलपणा नकोसा झाला.

"उद्या सकाळी देते," ती म्हणाली.

"वाचायला चार ओळी तर आहेत."

"हो. चारच तर आहेत." तिने दोन्ही कागद बॅगेत ठेवले.

दुपारी नव्या मुलींचा वर्ग होता, तिचा शेवटचा. प्रशिक्षणाच्या दालनात विमानाचा एक तुकडा ठेवला होता – पंख नाहीत, शेपूट नाही, नऊ ओळींचा नुसता मधला भाग, सिमेंटच्या जमिनीवर. हाड जुळल्यापासून ती या न उडणाऱ्या विमानात शिकवत आली होती. खिडक्यांतून बाहेर भिंतीवरचं घड्याळ दिसायचं.

"तळव्यांवर विश्वास ठेवायचा नाही," तिने सांगितलं. मुली लिहून घेत होत्या. "चार ओळी तर आहेत, असं म्हणायचं नाही. बसा म्हटलं की बसायचं. जागा रिकामी असेल तर जागेवर. नसेल तर वाटेत खाली. आणि तेही जमलं नाही, तर प्रवाशाच्या मांडीवर बसायचं आणि म्हणायचं, मला धरा."

मुली फिसकन हसल्या. दरवेळी इथे हसतात.

"असं कसं म्हणायचं, मॅडम?" एकीने विचारलं. "अनोळखी माणसाला? मला धरा?"

"तोंडाने म्हणायचं. दुसरं कशाने?"

तिने सगळ्यांत उंच मुलीला वाटेकडच्या जागेवर बसवलं. हडकुळी, लांबलचक हातांची. बाकीच्या तिला शिडी म्हणत आणि ती बिचारी शिडी म्हटलं की ओ देई. बाई आपल्या मांडीवर बसणार म्हटल्यावर शिडीचे कान लाल झाले. तिने चिमटीत फूल धरावं तसं दोन बाजूंना धरलं.

"मी पाहुणी आहे का? घट्ट धर."

शिडीने धरलं.

"अजून."

बोटं कमरेत रुतली, बरोबर त्या जागी, डावीकडे. तिने डोळे मिटले. तिला माहीत होतं आपण काय करतोय. बारा मुलींच्या देखत, दिवसाढवळ्या, पाच वेळा फ्रॉक घट्ट करणारी ती पोर इथे येऊन बसली होती. आता येईल… लोकर, मलमाचा वास, धरलंय मी… पण काही आलं नाही. छातीवर बिल्ला लावलेल्या एका घाबरट मुलीची बोटं होती ती, आणि बाहेर घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. "अजून घट्ट," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मॅडम," शिडी पुटपुटली, "मनगट पिळवटतंय माझं. सोडू का?"

सोड म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती गप्प राहिली… एक, दोन, तीन, चार… आणि त्या चार सेकंदांत आठ महिने दाबून ठेवलेलं एकदम वर आलं.

तिने ऐकलं होतं. त्या दिवशी, तिसऱ्या हादऱ्याला, ती सगळ्या वजनानिशी खाली आली तेव्हा उजवीकडे, तिचं अंग आणि आर्मरेस्ट यांच्यामध्ये काहीतरी कट् वाजलं होतं. ते तिचं हाड नव्हतं, तिचं आधीच मोडलं होतं. मानेवरची हनुवटी थरथरली होती, एक श्वास आत अडकला होता, आणि मग पुन्हा, अधिक रागाने – धरलंय. पहिल्या मिनिटात सोडा म्हणणं म्हणजे मरणं होतं, ते कुणीही मान्य करील. पण मग ती अकरा मिनिटं? लहान हादऱ्यांची? शेजारची जागा रिकामी होती, सरकून बसता आलं असतं, पट्टा बांधता आला असता. वीस वर्षांच्या अनुभवाला हे कळत नव्हतं? कळत होतं. ती सरकली नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या मोडलेल्या हातावर ती अकरा मिनिटं बसून राहिली, कारण तिला तिथे बरं वाटत होतं. आणि पट्ट्यांची खूण विझली तेव्हा उठली, कामाची बाई झाली, "आलेच हं" म्हणाली आणि पुढच्या ओळींतल्या रडणाऱ्यांकडे गेली, आणि मग कुणीतरी तिला बसवलं, विमान उतरलं, स्ट्रेचर आलं… मागे वळून पाहिलं नाही.

"सोड," ती म्हणाली. उठली. शिडी मनगट चोळत होती. "दुखलं का?"

"नाही मॅडम," शिडी म्हणाली. दुखलेलं स्पष्ट दिसत होतं.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळचं ऊन मशीनवर आलं होतं. आईने स्कर्ट तयार ठेवला होता. तिने बॅग खुर्चीवर ठेवली – दोन कागद आत, एक सही नसलेला, एक उत्तर नसलेला – आणि स्कर्ट चढवून आईपुढे उभी राहिली. आई स्टुलावर बसून तिच्याभोवती फिरली म्हणजे तिलाच फिरवलं. "वळ. अजून वळ. हात वर."

टेप लागली. डावीकडे ठीक होतं. मग आईने उजवीकडे कमरपट्टीत दोन बोटं घालून ओढून पाहिली.

"या बाजूला ढिला पडतोय," आई म्हणाली. "इथे काही नाहीये तुझ्या अंगाला."

इथे काही नाहीये. ती आरशात बघत होती. आठ महिने ती रोज न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी होती, दरवेळी डावी बाजू पुढे करून. उजवी बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. पाहायचं काय? तिकडे खूण नव्हती. खूण डावीकडे, धडधाकट हाताची. पण हात दोन आले होते. दुसरा कुठे होता? तो इथे होता. इथेच, आईची बोटं आहेत तिथे. तो मोडला, आणि मोडल्यावरही गेला नाही. अकरा मिनिटं त्या जागी नुसता ठेवलेला होता, धरायची ताकद नाही, सोडायचं मन नाही, म्हणून त्याची खूण उठली नाही. ज्याने जास्त धरलं त्याचं अंगावर काहीच राहिलं नाही, आणि तिने तर कागदावरूनही ते खोडून टाकलं… आता तो लिहीत नाही. स्वेटरची बटणं त्याने लागतात का? गोळ्यांची डबी उघडते का? हाड सरळ जुळलं की वाकडं? आठ महिन्यांत हा एक प्रश्न तिला पडला नव्हता. पडला तो आता, आणि पडल्याबरोबर तो हातच हवाहवासा झाला: तो हात बघायचाय मला. आपल्या हातात घ्यायचाय. मला धरा असं नाही – मी धरते.

तिने आईचं मनगट धरलं. धरलं म्हणजे हातात घेतलं, एखादं दुखरं मनगट घ्यावं तितक्या हलक्याने. केवढं बारीक होतं! बांगडीपुरतं हाड आणि वर सैल कातडी. इतकं बारीक हाड माणसाचं वजन पेलतं.

"अगं, काय हे," आई म्हणाली. "टाचणी टोचेल. सोड."

तिने लगेच सोडलं नाही. आईनेही ओढून घेतलं नाही. टाचण्या ओठांत तशाच, चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कंपनीत काही बोललं का कुणी?"

"नाही."

"मग?"

आईने आपला हात हळूच सोडवून घेतला, टाचणी लावली, पाण्याचं आधण ठेवायला आत गेली. ती तशीच उभी राहिली, डावा हात लोंबता आणि उजवा तळवा उजव्या कमरेवर, जिथे कधी काही उमटलं नव्हतं. खुर्चीवर बॅग होती. पेन बॅगेतच होतं. सोमवारचं विमान सकाळी सात-वीसचं होतं आणि ते तिला हवं होतं, अजूनही हवं होतं, जमिनीवर ती कधी रमली नव्हती.

"पाणी उकळलं," आतून आईने हाक मारली. "येतेस ना?"

तोंडात शब्द तयारच होता. जिभेवर आलासुद्धा, वीस वर्षांत गुळगुळीत झालेला, कुणालाही कधीही देऊन टाकावा असा. तिने तो गिळला. या वेळी म्हटला तर जावं लागणार होतं. आणि स्वयंपाकघरात नव्हे, हे तिला कळत होतं.

"काय गं?" आई पुन्हा म्हणाली. "ऐकलंस का?"

तिने ऐकलं होतं.